एका दंडाचे चौतीस परार्ध

माणसाच्या अंगात स्नायू किती? सुश्रुतसंहितेने याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय, आणि तेही वाण्याच्या वहीसारखं चोख. हातापायांत ४००, धडात ६६, मानेपासून वर ३४. बेरीज बरोबर ५००! आजचं शरीरशास्त्र सहाशेच्या पुढे जातं. कोणी ६४० म्हणतं, कोणी ६५०, कारण एकाला जो एक स्नायू दिसतो तो दुसऱ्याला तीन दिसतात. हृदय आणि आतडी यात धरलेलीच नाहीत. हे फक्त कंकाल स्नायू, म्हणजे सांगाड्याला बांधलेले, आपल्या हुकमाने हलणारे, शाळेत आपण ज्यांना ‘ऐच्छिक’ म्हणून पाठ केलं ते. हाडं २०६ आणि त्यांना ओढणारे सहाशेच्या वर. एका हाडामागे तीन ओढणारे!

वजन बघा. सत्तर किलोच्या पुरुषात साधारण चाळीस टक्के, म्हणजे २८ किलो नुसते स्नायू. (बायकांमध्ये हे प्रमाण थोडं कमी.) पुण्याच्या गाडीचं तिकीट ५०० रुपयांचं काढलंत, तर त्यातले २०० रुपये तुम्ही तुमच्या स्नायूंना पुण्याला नेण्यासाठी भरलेत.

आता एवढ्या सगळ्यांची नावं ठेवायची म्हणजे केवढं मोठं बारसं! जुने शरीरशास्त्रज्ञ बराच काळ नुसत्या क्रमांकावर भागवत होते. या सांध्याचा पहिला, दुसरा, तिसरा. मग नावांचा पूर आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपभर शरीराच्या अवयवांना मिळून पन्नास हजारांच्या घरात नावं झाली होती, कारण एकाच भागाला पॅरिसमध्ये एक, लंडनमध्ये दुसरं आणि बर्लिनमध्ये तिसरं नाव. १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला मंडळी बसली आणि पन्नास हजारांची पाच हजारांच्या आसपास करून उठली. दहातली नऊ नावं कचऱ्यात! इतकी मोठी साफसफाई दिवाळीतही होत नाही.

जी नावं उरली ती ऐकून वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना घाम फुटतो. तशी ती सरळ आहेत. आगगाडीच्या डब्यावरची पाटी आठवा: कुठून निघते, कुठे पोचते, जलद की पॅसेंजर. स्नायूच्या नावातही तेच. मानेतला स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड घ्या. स्टर्नम म्हणजे छातीचं मधलं हाड, क्लायडो म्हणजे गळ्याखालची हासळी, मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. छातीहून सुटणारी, हासळीचा डबा जोडून घेणारी, कानामागे पोचणारी गाडी! काहींच्या पाटीवर आकार लिहिलेला असतो: खांद्यावरचा डेल्टॉइड ग्रीक डेल्टासारखा त्रिकोणी. काहींवर माप: मॅक्सिमस थोरला, मिनिमस धाकटा. काहींवर दिशा: रेक्टस सरळ, ऑब्लिक तिरका. काहींवर काम: फ्लेक्सर वाकवणारा, एक्स्टेन्सर ताठ करणारा, लिव्हेटर उचलणारा. आणि काहींवर नुसती डोकी मोजलेली: बायसेप्सला दोन, ट्रायसेप्सला तीन, मांडीच्या क्वाड्रिसेप्सला चार.

सगळ्यात लांबलचक पाटी कुणाची, माहीत आहे? नाकाशेजारच्या बोटभर पट्टीची. लिव्हेटर लेबिआय सुपिरिओरिस अलिक्वी नेसाय! रोमन लिपीत तेहेतीस अक्षरं. काम एकच: वरचा ओठ आणि नाकपुडी वर ओढणे. म्हणजे दोडक्याची भाजी पाहून नाक मुरडायचं. नाव मात्र संस्थानिकाचं.

मापांची मजाही अशीच. सगळ्यात छोटा कंकाल स्नायू कानात, स्टेपीडियस. लांबी सहा मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढी. तो ज्याला बांधलेला आहे ते हाड त्याच्याही निम्मं, जेमतेम तीन मिलिमीटरचं, अंगातलं सगळ्यात लहान. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा कानाशी आला की हा तांदूळ आखडतो आणि त्या इवल्या हाडाला धरून ठेवतो, आवाज आत थोडा कमी जावा म्हणून. पण त्याला आखडायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. ढोलासमोर चालून जातं. सुतळी बॉम्ब त्याच्या आधीच आत शिरलेला असतो. दुसऱ्या टोकाला मांडीवरून तिरका उतरणारा सार्टोरियस, जवळजवळ अर्धा मीटर लांब. तांदळाच्या ऐंशी दाण्यांची रांग. हे नाव शिंप्यावरून पडलंय, कारण मांडी घालून बसताना हा कामाला येतो. आणि आकाराने सगळ्यांचा बाप ग्लुटियस मॅक्सिमस, ज्याच्यावर आपण बसतो. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणारा मात्र एकाच मॅक्सिमसवर बसतो, दुसरा वाटेत लोंबकळत असतो.

बरं, हे सगळे हलतात कुणाच्या हुकमाने? मेंदूच्या. पण हुकूम पोचवणारी तार बघा. पाठीच्या कण्यात एक चेतापेशी बसलेली असते, रुंदी सुमारे ०.०५ मिलिमीटर, डोळ्याला धड दिसायचीही नाही. तिचा एक धागा निघतो आणि पायापर्यंत जातो. एक मीटर! पेशीच्या रुंदीच्या वीस हजार पट. आता ही पेशी फुगवून दहा मीटर रुंदीचं एक घर करूया. ऐसपैस, व्हरांडा धरून. ते घर मुंबईत सीएसएमटीच्या दारात ठेवूया. मग त्या घरातून निघालेली तार कुठे पोचेल? दहा मीटर गुणिले वीस हजार. दोनशे किलोमीटर! सीएसएमटी ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. म्हणजे घर बोरीबंदरला आणि घंटीचं बटण दाबलं की घंटा वाजते पुणे स्टेशनच्याही पुढे. एकच पेशी. मध्ये जोड नाही, जंक्शन नाही, कर्जतला मागून जादा इंजिन लावायला थांबणं नाही.

आणि हुकूम धावतो किती वेगाने? सेकंदाला पन्नास मीटर धरा, कित्येकदा त्याहून जास्त. म्हणजे ताशी १८० किलोमीटर. वंदे भारतने चाचणीत गाठला तो वेग! आपली डेक्कन क्वीन मुंबई-पुण्याला तीन तासांहून जास्त घेते. मज्जातंतूतला हुकूम त्याच वेगाने धावत राहिला तर १९२ किलोमीटर ६४ मिनिटांत कापेल. पायापर्यंतचं एक मीटर अंतर? सेकंदाचा पन्नासावा भाग. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

एक हुकूम किती धाग्यांना मिळतो, तिथे तर गंमतच आहे. डोळा बाजूला वळवणाऱ्या स्नायूत एका चेतापेशीच्या हाताखाली स्नायूचे धागे असतात नऊ-दहा. पोटरीच्या मोठ्या स्नायूत एकीच्या हाताखाली दोन हजारांच्या घरात! एकीकडे घरगुती शिकवणीचा वर्ग, दुसरीकडे शिवाजी पार्कची सभा. शिकवणीत प्रत्येकाकडे लक्ष देता येतं, म्हणून डोळा केसाएवढं सुद्धा नेमकं सरकतो. सभेत नुसती घोषणा द्यायची आणि जमाव उसळतो, म्हणून पोटरी आख्ख्या माणसाला उचलते. डोळ्याला सहा स्नायू, आणि त्यांतल्या एकाची दोरी चक्क कप्पीतून ओवलेली आहे, विहिरीवर असते तशी. दोरी मागून येते, कप्पीवरून वळते आणि डोळ्याला ओढते. जागेपणी डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो. सोळा तास जागे राहिलात तर उड्या झाल्या पावणेदोन लाखांच्या आसपास! हे वाक्य वाचतानाही चार-पाच झाल्याच.

इथे एक नियम सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावर उभा आहे. स्नायू ओढतो. ढकलत नाही, कधीच नाही. दार ढकलताना सुद्धा आत कुठलातरी स्नायू हाड ओढतच असतो. म्हणून जोड्या लागतात: बायसेप्स कोपर वाकवतो, ट्रायसेप्स सरळ करतो. एकाने ओढलं की दुसऱ्याने सैल सोडायचं.

आणि ओढायचं तेही किती गैरसोयीच्या जागेवरून! दहा लिटरची भरलेली कळशी हातात, कोपर काटकोनात. वजन दहा किलो. कळशी कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर, पण बायसेप्सची दोरी हाताला बांधलीय कोपरापासून जेमतेम साडेचार सेंटिमीटरवर. दार कडीकडून ओढायच्या ऐवजी बिजागरीजवळून ओढून बघा, काय होतं ते कळेल. जवळजवळ आठ पट जोर! दहा किलोच्या कळशीसाठी दंडातल्या मंडळींना ऐंशी किलोची ओढ लावावी लागते. कळशी उचललीत, पण दंडाने मात्र आख्खा माणूस उचलला. हा तोट्याचा सौदा वाटतो. पण उलट्या बाजूने पाहा: स्नायू एक सेंटिमीटर आखडला की हात आठ सेंटिमीटर उठतो. जोराची नोट मोडून वेगाची चिल्लर घेतली आहे. गोफण, गोलंदाजी आणि चापट, सगळं याच चिल्लरीवर चालतं.

पोटरीकडे या. टाचेमागची जाड दोरी, अकिलीस कंडरा, चालताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या तिप्पट ताण घेते. धावताना सहा ते आठ पट. साठ किलोचा माणूस बससाठी पळत सुटला की त्याच्या टाचेमागे चारशे किलोचा ताण! सिमेंटच्या आठ गोण्या, बोटाएवढ्या जाडीच्या दोरीवर.

आता आळंदीहून निघा. पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पाऊल ६५ सेंटिमीटरचं धरलं तर पावलं होतात पावणेचार लाखांहून जास्त, म्हणजे एका पायाची १ लाख ९२ हजार. साठ किलोच्या वारकऱ्याच्या टाचेमागे दर पावलाला १८० किलोचा ताण. ताणांची अशी बेरीज करू नये, भौतिकशास्त्राचे मास्तर छडी घेऊन येतील, पण आज करूया. १ लाख ९२ हजार गुणिले १८०: तीन कोटी पंचेचाळीस लाख किलो. साडेचौतीस हजार टन! कोळशाची एक मालगाडी, ५८ वाघिणींची, सुमारे ३,८०० टन माल नेते. एका पायाने नऊ मालगाड्या. दोन पायांनी अठरा. आणि हे एका वारकऱ्याचं. दिंडीत त्याच्या पुढे-मागे लाखो आहेत, आणि सगळे वर टाळ वाजवतायत.

निजलेल्या माणसाचा हिशेब तर याहून भारी. फुप्फुसांखालचं श्वासपटल हाही कंकाल स्नायूच, पण याला सुट्टी नाही. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाचे २१,६००. अजपाजप मोजणाऱ्यांनी धरलेला आकडा अगदी हाच! एका श्वासात अर्धा लिटर हवा, म्हणजे दिवसाला १०,८०० लिटर. उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो तो साधारण दहा हजार लिटरचा. तर तुमचं श्वासपटल रोज एक टँकर हवा खेचतं, रिकामा करतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा आणतं. रांग नाही, हंड्यांवरून भांडणं नाहीत.

एक विहीर घ्या. वीस फूट व्यास, तीस फूट खोल, काठोकाठ भरली तर पावणेतीन लाख लिटरच्या आसपास. ती तुमच्या श्वासाने पंचवीस दिवसांत भरते. वर्षाला चौदा-पंधरा विहिरी. सत्तर वर्षांत एक हजाराहून जास्त! तालुका पुरणार नाही खणायला. आणि श्वासपटल स्वतः किती चाललं? दर श्वासाला ते दीड सेंटिमीटर खाली जातं, दीड वर येतं. तीन सेंटिमीटर, चिमूटभर. सत्तर वर्षांचे श्वास ५५ कोटी. गुणाकार करा: साडेसोळा हजार किलोमीटर! मुंबई-पुणे-मुंबई अशा ४३ फेऱ्या, बरगड्यांच्या आत बसून, एकही तिकीट न काढता.

हे सगळं अजून बाहेरूनच चाललंय. आता स्नायूच्या आत शिरायचं. ठोकळ हिशेबाने जाऊ, तुमच्या-माझ्या दंडात थोडं इकडे तिकडे होणारच.

दंडातला बायसेप्स. त्यात स्नायूचे धागे सुमारे अडीच लाख. एकेक धागा केसाहून बारीक, लांबी दहा सेंटिमीटर धरू. हे एकापुढे एक मांडले तर? अडीच लाख गुणिले दहा सेंटिमीटर: पंचवीस किलोमीटर. चर्चगेटहून निघालात, दादर गेलं, वांद्रे गेलं, अंधेरी गेली, धागा संपतो गोरेगावच्या अलीकडे. एका दंडातून! पोटरीच्या मोठ्या स्नायूची नुसती आतली बाजू घेतली तर धागे अकरा लाख, प्रत्येकी पाच सेंटिमीटर: पंचावन्न किलोमीटर. सीएसएमटीहून कल्याण गाठून धागा थोडा उरतोच.

दंडातच थांबू. एक धागा चिरून पाहिला तर तो एक धागा नाहीच. त्यात समांतर चालणाऱ्या तंतूंची मोळी आहे, एकेक तंतू एक मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मोळीत असे दोन हजारांच्या आसपास. आता त्यांची रांग लावा. पंचवीस किलोमीटर गुणिले दोन हजार. पन्नास हजार किलोमीटर! पृथ्वीचा घेर चाळीस हजार. गोरेगावला न पोचलेला दंड आता विषुववृत्तावरून पृथ्वीला वेढा घालून परत आला आणि वर दहा हजार किलोमीटर शिल्लक.

थांबू नका, एकेक तंतूही सलग नाही. तो डब्यांची गाडी आहे. डब्याचं नाव सार्कोमिअर, लांबी सुमारे २.२ मायक्रोमीटर. दहा सेंटिमीटरच्या तंतूत असे डबे किती? पंचेचाळीस हजार! आपली लांबातली लांब एक्सप्रेस चोवीस डब्यांची. ही पंचेचाळीस हजारांची, आणि लांबी एका बोटाची. प्रत्येक डबा आखडतो किती? अर्धा मायक्रोमीटर. केसाच्या जाडीचा सुमारे एकशेचाळीसावा भाग, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण पंचेचाळीस हजार डबे एकदम आखडतात: सव्वादोन सेंटिमीटर. आणि मघाची आठपटीची बिजागरी आठवा. सव्वादोन गुणिले आठ, अठरा सेंटिमीटर. जवळजवळ एक वीत हात वर! चहाचा कप बशीतून सुटतो तो या अर्ध्या मायक्रोमीटरवर.

एकूण डबे किती झाले? एका तंतूत पंचेचाळीस हजार, एका धाग्यात दोन हजार तंतू: नऊ कोटी. धागे अडीच लाख. नऊ कोटी गुणिले अडीच लाख: साडेबावीस लाख कोटी! हा आकडा ओळखीचा वाटतो ना? लाख कोटी आपण फक्त फेब्रुवारीत ऐकतो, अर्थमंत्री उभे राहतात तेव्हा. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपयांचा. तुमचे दोन बायसेप्स मिळून ४५ लाख कोटी डबे. डब्याला एक रुपया धरला तर दोन दंडांत देशाच्या वर्षभराच्या खर्चाचे जवळजवळ नव्वद टक्के. उरलेले दहा टक्के पाठीमागच्या ट्रायसेप्सकडून उसने घ्या, तो एकटाच तूट भरून काढेल.

आणि प्रत्येक डब्यात प्रवासी कोण? मायोसिन. एकेक डब्यात जाड तारा पाचशेच्या आसपास, एकेका तारेवर मायोसिनचे रेणू तीनशे. म्हणजे डब्यात दीड लाख प्रवासी. (लोकलच्या डब्यात गर्दी म्हणणारे आपण!) प्रत्येक रेणूला दोन डोकी, आणि ती डोकी शेजारच्या बारीक तारेला धरतात, झटका देऊन ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. गोदीत माणसं दोर ओढतात तसं, हात बदलत. एका झटक्यात तार सरकते फार तर दहा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. जोर? इतका कमी, की दोन शेंगदाण्यांचं वजन, एक ग्रॅम, नुसतं पेलायला दोनशे कोटी डोक्यांनी एकाच वेळी हात लावावा लागतो! भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर. आख्खा देश कामाला लावला तरी शेंगदाणे जमिनीवरच.

दर झटक्याला एक एटीपी रेणू खर्च होतो. ही अंगातली चलनी नोट. आणि गंमत म्हणजे अंगात कोणत्याही क्षणी एटीपी असतं शंभर ग्रॅमच्या आसपास, तर दिवसाचा खर्च साधारण आपल्या वजनाएवढा, साठ किलोच्या माणसात साठ किलो. खिशात शंभर रुपये आणि दिवसाचा खर्च साठ हजार! तीच नोट दिवसात सहाशे वेळा खर्च होते आणि सहाशे वेळा परत मिळवली जाते. शंभर मीटर धावायला निघालात तर स्नायूतली नोट दोन-तीन सेकंदांत संपते. पुढचं सगळं उधारीवर. बरं, या खर्चातलं प्रत्यक्ष काम रुपयामागे चार आण्यांचं. उरलेले बारा आणे उष्णता होऊन उडून जातात. म्हणूनच तालमीत घाम आणि थंडीत कुडकुडणं, दोन्ही याच बारा आण्यांचं.

तर मायोसिनचे रेणू एकूण किती? साडेबावीस लाख कोटी डबे, डब्यात दीड लाख. गुणाकार करायला घेतला की लाख संपतो, कोटी संपतो, अब्ज संपतो, खर्व-निखर्व संपतात. भास्कराचार्यांची लीलावती काढावी लागते. ११५० च्या सुमाराची ही पोथी संख्यांच्या घरांची यादी देते: एक, दहा, शंभर करत महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, आणि अठरावं, शेवटचं घर परार्ध. एकावर सतरा शून्यं. तिथे यादी संपते. आपल्या दंडाचा हिशेब तिथे संपत नाही. एका बायसेप्समध्ये मायोसिनचे रेणू होतात सुमारे चौतीस परार्ध! शेवटच्या घराला शेवटचं समजून बसलेले आपण, आणि दंड त्या घरातून चौतीस फेऱ्या मारून बाहेर.

हे मोजायला बसायचं? बसा. सेकंदाला एक रेणू, न झोपता, न जेवता. वर्षाला सव्वातीन कोटीही होणार नाहीत. चौतीस परार्धांना लागतील सुमारे १०,७०० कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय १,३८० कोटी. म्हणजे विश्व सुरू झालं त्या क्षणी मोजायला घेतलं असतं तर आत्ता कुठे आठवा हिस्सा होत आला असता. अशी सात विश्वं संपवून आठव्यात पोचल्यावर दंड मोजून होईल. मग ब्रह्मदेवालाच सांगू. त्याचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. सकाळी उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंत दुसरं काही न करता तो एक, दोन, तीन म्हणत बसला, तरी त्याला पंचवीस दिवसांची रजा काढावी लागेल. रात्रपाळीही केली तर साडेबारा. आणि हा एका माणसाचा उजवा बायसेप्स झाला; डावा, आणि मागचे सहाशे, रांगेत उभेच आहेत.